बाटलीतलं मीठ

नव्या साहेबांनी आल्या दिवशी पहिला हुकूम सोडला तो बाटल्यांचा. गोरा साहेब जाताना फडताळात ज्या काही बाटल्या ठेवून गेला असेल त्या सगळ्या मोरीत ओतायच्या, घरात थेंब राहता कामा नये. माळ्याला हे काम सांगितलं असतं तर निम्म्या बाटल्या त्याच्याच पोटात गेल्या असत्या, हे साहेबांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. म्हणून काम आलं सोनाबाईच्या गळ्यात. तसंही त्या बंगल्यातलं कुठलं काम फिरून तिच्याच गळ्यात येत नव्हतं?

बंगला खालापूरच्या अलीकडे, सडकेला लागून. घाटरस्त्याच्या इंजिनिअरचा. त्याच्यामागे वीस-पंचवीस पावलांवर बबर्जीखाना, म्हणजे साहेब लोकांचं स्वयंपाकघर, आणि बबर्जीखान्याला चिकटून सोनाबाईची खोली. एवढ्याशा वाटेवर तिनं एकवीस वर्षं घालवली होती. पन्नाशी उलटून गेली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि स्वराज्य येऊन सव्वा वर्ष झालं तरी तिच्या गुडघ्यांना त्याची काही खबर नव्हती.

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि एकेक बूच उपटून ओतत गेली. पिवळी शेरी गेली, ती सूपात पडायची. ब्रँडी गेली, ती नाताळच्या पुडिंगची. तळाच्या खणात लाल दारूची एक अर्धी बाटली निघाली. तिच्या कागदावर निळ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकाखाली एक. ती हातात घेतली तेव्हा मात्र सोनाबाई जरा थांबली. मग म्हणाली, "जा बाई तू पन," आणि तीही उपडी केली.

आता या रेघांची गोष्ट सांगायला हवी.

सोनाबाई साजगावची. नवरा भिवाजी हातभट्टीच्या पायी गेला. एका सकाळी पाताळगंगेच्या काठी पालथा सापडला, तोंडाला तोच वास. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की हा वास आपल्या ओठाला लागू द्यायचा नाही. आणि दैव बघा कसं द्वाड! महिन्याभरात पोटासाठी ती या बंगल्यात मसाला वाटायला आली, आणि तिथे स्वयंपाकघरातच दारूचं फडताळ.

तेव्हा बबर्जी होता मिंगेल नावाचा गोव्याचा म्हातारा. मोठा गुणी माणूस, पण तोंडानं फाटका. पहिल्या नाताळात त्यानं पुडिंगवर ब्रँडी ओतून काडी लावली आणि निळा जाळ भपकन उठला. सोनाबाई किंचाळली, आणि शेजारचा तांब्या उचलून तिनं तो जाळ विझवला. मिंगेल डोक्यावर हात मारून खालीच बसला. त्यानंतर नाताळ आला की तो आधी तिच्याजवळचा तांब्या लपवायचा आणि मगच काडी ओढायचा.

त्यानंच तिला सगळं शिकवलं. दारू घालायची ती झिंग यावी म्हणून नाही. जाळावर झिंग उडून जाते, मागे राहतो तो वास आणि किंचित आंबटपणा. मटण त्यात रात्रभर भिजलं की चिवट बोकडसुद्धा मऊ होतो. शेरी सगळ्यात शेवटी, उतरवताना. लाल दारू सगळ्यात आधी. सोनाबाईनं हे सारं नाकानं शिकून घेतलं. बाकीच्या रश्शांची चव ती घ्यायची, पण बाटलीतलं काही पडलेल्या पदार्थाचा थेंबही तिनं जिभेला लावला नाही. मटण शिजलं का, हे बोटानं दाबून बघायचं. रस आळला का, हे वासावरून. बोटाला रस लागलाच तर पदराला पुसायचा. मिंगेल म्हणायचा, "सोना, तुझ्या नाकाला जीभ फुटलीय गं."

मिंगेलचे डोळे गेले आणि तो गावी परतला तेव्हा बबर्जीखाना सोनाबाईकडे आला. तिला कोण आनंद झाला होता! नवं लुगडं नेसून ती कामावर आली. आणि त्याच सकाळी मडम बबर्जीखान्यात आली. एका हातात रांधायच्या लाल दारूची बाटली, दुसऱ्या हातात मिठाचं भांडं. सगळ्या नोकरांना तिनं उभं केलं, त्यांच्यादेखत मूठभर मीठ बाटलीत घातलं, बूच लावून खळखळ हलवलं, आणि दारू जिथवर होती तिथे निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढली. माळी खुदकन हसला. सोनाबाईला कळेना, त्यानंच समजावलं, "अगं, खारट केली म्हंजे तुला पिता यायची नाय."

तिला! जिचा नवरा त्या पाण्यानं खाल्ला तिला!

तिला वाटलं, बाटली उचलावी आणि मडमेच्या पायाशी फोडावी. पण जायचं कुठे? साजगावच्या घरात दीर आबाजी बसला होता. आबाजी स्वतः रोज संध्याकाळी डुलत घरी यायचा, पण भावजय साहेबाच्या दारूत हात घालते म्हणून ती घरी गेली की तिला पडवीतच थाळा वाढायचा, आणि तो थाळाही वेगळा ठेवायचा. तेव्हा सोनाबाईनं रेघ बघितली, तोंड मिटलं आणि कांदा चिरायला घेतला.

पुढे ती मडम गेली, दुसरी आली. पहिलीनं दुसरीला किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर मिठाची युक्ती दिली, आणि फडताळाच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेली निळी पेन्सिलही. चौदा वर्षं लाल दारू खारट येत राहिली. त्या मटणात वेगळं मीठ घालायची सोय नव्हती, घातलं की खारट व्हायचं. म्हणून त्या मटणापुरता सोनाबाईच्या हातानं मिठाच्या बरणीकडे जायचा रस्ताच सोडून दिला.

तर आता नवे साहेब. टिपणीस त्यांचं नाव. अंगात खादी, बोलणं मऊ, नोकरांनाही अहो-जाहो. खोपोलीच्या बाजारात उभं राहून दारूबंदीवर असं बोलायचे की गुत्तेवाल्यालाही क्षणभर वाईट वाटावं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याला मनातल्या मनात शिव्या तरी देता येतात.

टिपणीस याआधी घाटात धाकटे इंजिनिअर होते, आणि गोऱ्या साहेबानं त्यांना तीनदा जेवायला बोलावलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी आपला पेला टेबलावर उपडा ठेवला होता आणि तिन्ही वेळा मटण दोनदा मागून घेतलं होतं. हे सोनाबाईला ठाऊक होतं. त्यांना मात्र आपण काय खाल्लं ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी ते बायकोला, विमलबाईंना, घेऊन बबर्जीखान्याच्या दारात आले.

"सोनाबाई, ते मटण उद्या करा. काळसर रसाचं. अहो, मी यांना दहा वेळा त्याचं वर्णन करून सांगितलंय."

विमलबाई हसल्या. "दहा कसल्या, माझे कान किटलेत."

"मला स्पष्ट बोललेलं बरं वाटतं," साहेब म्हणाले. "आमच्या घरचा जुना आचारी अलिबागला बसून आहे, त्याला बोलवा असं आईचं म्हणणं आहे. पण ते मटण ज्यांच्या हातचं, त्यांना काढायचं माझ्या जिवावर येतं. उद्या ह्यांनाही पटू दे, म्हणजे प्रश्न मिटला."

सोनाबाईनं तोंड उघडलं. साहेब, त्यात दारू असते, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं परवा बाटल्या ओतायला लावल्या त्याला, तुम्ही तीनदा दारूत शिजलेलं खाल्लंत आणि बोटं चाटलीत, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? वर तो म्हणणार, मला बाटवलंत. मग अलिबागचा आचारी, आणि आपल्याला आबाजीची पडवी. म्हातारपणी वेगळा थाळा. तिनं तोंड मिटलं.

"करते," ती म्हणाली.

ती तडक खोपोलीला सुलेमानच्या दुकानावर गेली. बंगल्याचं मटण वर्षानुवर्षं त्याच्याकडून यायचं. सुलेमाननं मांडीचा तुकडा काढून दिला, पण तिचा चेहरा बघून सुरा खाली ठेवला.

"काय झालं गं सोनाबाय? कुनी मेलं का?"

"मीच मरायची बाकी हाय," म्हणत तिनं सगळं सांगितलं.

सुलेमान दाढी खाजवत बसला. "मग सांगून टाक ना साहेबाला. खरं बोलायला काय भ्यायचं?"

"तुला काय जातंय रं सांगायला! तू आपल्या घरात झोपतोस. माझी खोली त्याची हाय."

सुलेमाननं सुरा पुन्हा उचलला. आतून त्याची बायको नफिसा ऐकत होती, ती हात पुसत बाहेर आली. "जांभळाचा शिरका नेतेस? यंदाचाच हाय. काळा हाय, आंबट हाय, मटन मऊ करतो. मी दर ईदला घालते." आणि काळ्याभोर शिरक्याची एक बाटली तिनं सोनाबाईच्या पिशवीत ठेवली. "दारू नाय हां यात. आमच्या घरात कुठनं यायची!"

सोनाबाईला कितीतरी दिवसांनी जरा हसू आलं.

शनिवारी रात्री तिनं मटण शिरक्यात भिजत घातलं. नुसता शिरका जीभ कापील, म्हणून त्यात पाणी आणि गुळाचा खडा. पहाटे कांदा काळपट होईपर्यंत परतला. मिरी, लवंग, तमालपत्र. कोळशाची शेगडी अगदी मंद ठेवून डेकचीवर झाकण घातलं आणि ती शेजारी पाटावर बसून राहिली. चार तास. मध्येच गुडघा आखडायचा, तो चोळायचा. मध्येच झाकण सरकवून वास घ्यायचा. पहिल्या तासाला वास नुसता आंबट होता. दुसऱ्या तासाला गूळ मिसळला. तिसऱ्या तासाला जांभूळ आणि कांदा एकमेकांत गेले, आणि वाफेतून तो ओळखीचा जड, काळसर वास वर आला. थेट तोच नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ. सोनाबाईनं डोळे मिटले. मिंगेल असता तर म्हणाला असता, जमलं गं सोना. मटण बोटानं दाबलं, बोट आत रुतलं. बोट पदराला पुसलं आणि डेकची उतरवली.

दुपारी टेबलाशी साहेब आणि विमलबाई बसले. सोनाबाईनं वाढलं. साहेबांनी आधी वास घेतला आणि बायकोकडे बघून भुवया उडवल्या. मग घास घेतला. चावला. पुन्हा चावला. भुवया हळूहळू खाली आल्या.

"मीठ घातलंय का यात?"

सोनाबाईनं डेकचीकडे बघितलं. मीठ. देवा रे, मीठ!

साहेबांनी चमचा ठेवला. आवाज चढवला नाही, पण तो मऊपणा गेला होता. "अळणी. नुसतं अळणी. साहेबाच्या टेबलावर कधी मीठ विसरलीस? तीनदा जेवलो मी, एकदाही नाही. तिथे थरथर कापत चव घेऊन बघत असशील. आता काय, आपलीच माणसं, काहीही वाढलं तरी गिळतील! गोऱ्यासाठी जीव ओतायचा आणि आमच्यासाठी मीठसुद्धा घालायला हात उचलत नाही तुझा?"

अहो-जाहो कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नसावं.

सोनाबाई उभीच होती. तिला राग येत नव्हता. रागाला जोर लागतो, तो तिच्याकडे उरला नव्हता. चार तास शेगडीपाशी बसल्यानं कंबर मोडली होती, आणि आता खोली गेली ती गेलीच, मग गप्प राहून कुणाचं भलं करायचं?

"साहेब," ती म्हणाली, "मीठ बाटलीत असायचं."

"कसली बाटली?"

"दारूची. लाल दारूत शिजायचं ते मटन. तुमी खाल्लंत तेबी. मडम त्या बाटलीत मूठभर मीठ टाकायची, मी पिऊ नये म्हनून. रेघ बी मारायची. चौदा वरसं तेच मीठ मटनाला लागायचं, म्हनून माझ्या हाताला सवय नाय. आन् मी ते कधी चाखलं नाय. माझा नवरा दारूनं मेला, साहेब. कालच सांगनार होते, पन तोंड उघडलं नाय. हे जांभळाच्या शिरक्यातलं हाय. तुमच्यासाठी जीव ओतला नाय असं तेवढं म्हनू नका."

साहेबांनी टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं. तीनदा उपडा ठेवलेला पेला त्यांना आठवला असेल कदाचित. मग ते उठले, हात धुतले आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

सोनाबाईनं डेकची उचलून बबर्जीखान्यात आणली. खोलीत जाऊन दोन लुगडी, घोंगडी आणि मिंगेलनं दिलेला लाकडी डाव यांचं गाठोडं बांधलं आणि बबर्जीखान्याच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. मग पाटावर बसली. समोर डेकची. टाकून द्यायची तर मटण कसं टाकायचं? तिनं बरणीतलं मीठ घेतलं, चिमटीनं घातलं, ढवळलं, जरा निखाऱ्यावर धरलं. आणि एक तुकडा तोंडात टाकला.

चौदा वर्षं स्वतः रांधलेलं मटण कसं लागतं ते तिला आज कळलं. तिला रडूच आलं. केवढं चांगलं करत होतो गं आपण, आणि आपल्यालाच ठाऊक नव्हतं!

विमलबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही. त्यांनी काही न विचारता वाटी पुढे केली, उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले, मग वाटी पुन्हा भरून घेतली आणि व्हरांड्याकडे नेली. वाटी परत आली ती चाटूनपुसून.

दिवेलागणीला साहेब बबर्जीखान्याच्या दाराशी आले. आत आले नाहीत. "तुम्ही राहा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "दुपारी जास्त बोललो मी. फक्त त्या... मागच्या मटणाचं कुठं बोलू नका."

"नाय बोलत," सोनाबाई म्हणाली.

साहेब गेले. खोली राहिली, काम राहिलं, आबाजीची पडवी टळली. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण आज ती इतकी दमली होती की गाठोडंही सोडलं नाही, तशीच झोपली.

सकाळी विमलबाई सामान काढून द्यायला आल्या. तांदूळ मापून दिले, डाळ दिली. मग तुपाची पांढरी बरणी ओट्यावर ठेवली, आणि बोलता बोलता, आज भाजी कुठली करायची ते विचारता विचारता, फडताळाच्या कप्प्यात हात घातला. सुतळीला बांधलेली निळी पेन्सिल बाहेर आली. तूप जिथवर होतं तिथे बरणीवर त्यांनी रेघ ओढली.

सोनाबाई बघत राहिली. मग कोपऱ्याकडे गेली आणि गाठोडं काखेत मारलं.

"हे काय?" विमलबाई चमकल्या.

"जाते, बाईसाब."

"अहो, काल साहेबांनी राहा म्हणून सांगितलं ना?"

"सांगितलं. पन ती रेघ बघून चौदा वरसं काढली. आता नाय जमायचं मला. लई दमले मी."

विमलबाईंचा चेहरा उतरला. "अहो, तुमच्यावर संशय म्हणून नाही हो! आमच्या सासूबाईंची पद्धत. त्यांच्या घरी मी सून, तरी माझ्या तुपावरसुद्धा..." आणि त्या एकदम थांबल्या. बरणीकडे बघितलं. सोनाबाईच्या काखेतल्या गाठोड्याकडे बघितलं. मग पदराचं टोक ओलं करून बरणी घासायला लागल्या. पेन्सिल मेणासारखी, पुसता पुसता पसरली आणि पांढऱ्या बरणीवर निळा डाग उरला. त्या घासतच राहिल्या, घासता घासता त्यांचे डोळे भरले.

सोनाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातून बरणी काढून घेतली.

"द्या हिकडं. राख लावली की जाईल," ती म्हणाली, आणि चुलीपाशी राख घ्यायला वाकली.